पश्चिमेकडचे रूपचंद

दत्तोपंत टोकेकरांच्या मनात शंकेची पाल पहिल्यांदा चुकचुकली ती एका शनिवारी सकाळी साडेनऊला, ताणकाट्याला लटकलेल्या माशाकडे बघताना. मासा दोनशे नव्वद ग्रॅम भरला. तो तेवढा भरायला नको होता.

भाळवणीवरून पारनेरकडे वळलं की दत्तोपंतांची चार एकर जमीन लागते आणि तिच्यात एक शेततळं आहे. तळं डाळिंबांसाठी काढलं होतं. डाळिंबं तेल्या रोगाने गेली, तळं राहिलं, त्यात रूपचंद जातीचे मासे आले. ज्या माणसाच्या घरात सात पिढ्यांत अंडं फुटलं नाही त्याने मासे पाळावेत का, यावर सावेडीतल्या त्यांच्या सोसायटीत बरीच चर्चा होऊन गेली आहे. दत्तोपंतांचं उत्तर ठरलेलं असे, “मी खात नाही. मी अभ्यास करतो.” सोसायटीत ‘मासे’ हा शब्दही ते टाळत, नुसतं ‘रूपचंद’ म्हणत. त्यामुळे पहिले दोन महिने खालच्या मजल्यावरचे लोक समजत होते की दत्तोपंतांनी शेतावर कुणी रूपचंद नावाचा मारवाडी भाडेकरू ठेवला आहे आणि तो फार खातो.

अभ्यास असा होता. तळ्याच्या मधोमध जाळी लावून त्यांनी दोन भाग केले. दोन्हीकडे चारशे-चारशे पिल्लं सोडली, एकाच दिवशी, एकाच वयाची. पूर्वेकडच्यांना बत्तीस-पाच खाद्य, पश्चिमेकडच्यांना चोवीस-आठ. यातला पहिला आकडा प्रथिनांचा, दुसरा स्निग्धांशाचा, दोन्ही शेकडा. खाद्याच्या पोत्यावर छापलेले असतात आणि दुकानात लोक तेवढेच बोलतात. आता प्रथिनांनी शरीर वाढतं. स्निग्धांश थोडा लागतो, कारण तो नसला तर मासा प्रथिनंच जाळून टाकतो. पण जास्त झाला तर पोट सुटतं. हे दत्तोपंतांनी तीस वर्षं नववीच्या वर्गाला शिकवलं होतं आणि एकाही मुलाने उलट प्रश्न विचारला नव्हता. मग पश्चिमेकडच्या चारशे माशांनी तो विचारावा?

कारण पूर्वेकडचे मासे सरासरी दोनशे तीस भरले होते आणि पश्चिमेकडचे दोनशे पंच्याऐंशी.

“काटा बिघडला असेल,” दत्तोपंत म्हणाले.

वैजनाथने खिशातून नवी कोरी साबणाची वडी काढली आणि काट्याला लावली. वेष्टनावर लिहिलं होतं तेवढीच ती भरली. वैजनाथ म्हणजे तळ्याचा राखणदार. आठ वर्षं तो शेतावर होता, आधी डाळिंबांवर, आता माशांवर. मासे जाळ्यात धरायचं काम त्याचं, आकडे वहीत लिहायचं दत्तोपंतांचं. हाताला मासा लागू नये म्हणून दत्तोपंत दोन-दोन मोजे घालत, तरी घरी आल्यावर त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई त्यांना आधी बाथरूम दाखवत.

त्या शनिवारी परतताना ते गाडी चालवत मनातल्या मनात आकडे पुन्हा मांडत होते. शेजारी प्रेमलाबाई मांडीवर रिकामा स्टीलचा डबा घेऊन बसल्या होत्या. त्या हल्ली दर शनिवारी बरोबर येत. शेतावरची हवा चांगली असते म्हणाल्या होत्या. पारनेरची हवा गेली चाळीस वर्षं तशीच होती, ती यंदाच एवढी चांगली कशी झाली, हा प्रश्न दत्तोपंतांना तेव्हा सुचला नाही. संशयी माणसाचं हेच होतं. तो सगळ्या गावावर संशय घेतो आणि शेजारच्या सीटवर बसलेलं माणूस सोडून देतो.

संशय घेण्याचंही एक शास्त्र असतं. सुरुवात लांबच्या माणसापासून करावी. दत्तोपंतांनी ती खाद्याच्या दुकानदारापासून केली. त्याने पोती बदलली असणार, भारी खाद्याच्या पोत्यात हलकं भरून दिलं असणार. ते सिद्ध करायला त्यांनी शाळेतल्या जुन्या ओळखीवर मोरचूद आणि कॉस्टिक सोडा पैदा केला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन्ही खाद्यं वेगवेगळ्या वाट्यांत कालवली आणि थेंब थेंब औषध सोडलं. जिथे प्रथिनं जास्त तिथे जांभळा रंग गडद. पूर्वेकडचं खाद्य वांग्यासारखं गर्द जांभळं झालं, पश्चिमेकडचं फिकट. म्हणजे दुकानदार निर्दोष. दत्तोपंतांना याचं वाईटच वाटलं. त्यातली एक वाटी नैवेद्याची निघाली, त्यामुळे दोन दिवस घरात जेवणापुरतंच बोलणं झालं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे राधाकृष्ण मुळे वर आले. मुळे कोर्टात बेलीफ होते. तीस वर्षं लोकांच्या दारावर नोटिसा डकवल्याने त्यांचा मनुष्यजातीवरचा विश्वास पार उडालेला होता.

“टोकेकर, सरळ आहे,” ते खुर्चीत पाय दुमडून म्हणाले. “पूर्वेकडचं भारी खाद्य तुमचा तो गडी पूर्वेला टाकतच नाही. अर्धं लांबवतो. म्हणून ते मासे उपाशी.”

“आणि पश्चिमेचे जास्त का वाढले?”

“हा तांत्रिक प्रश्न झाला. आधी माणूस पकडा, मग मासे बघू. पाळत ठेवा.”

दत्तोपंतांना वैजनाथचं नाव ऐकून आधी राग आला. मग त्यांना आठवलं की वैजनाथ हल्ली त्यांच्या नजरेला नजर देत नाही. पूर्वी देत असे का, हे आठवेना. पण एकदा डोक्यात शिरलं की शिरलं.

शेजारच्या बांधाला श्रीमंत नावाचा दूधवाला होता. त्याच्या सहा म्हशी. दत्तोपंत सहज म्हणून त्याच्या गोठ्यात गेले आणि सहज म्हणून विचारलं की दूध वाढलं का.

“वाढलं की,” श्रीमंत म्हणाला. “का वो सर?”

“कशाने वाढलं?”

“म्हशी व्यायल्या.”

हे उत्तर दत्तोपंतांना फारच तयार वाटलं. श्रीमंतने चहा दिला. त्यांनी तो तीनदा हुंगला. माशाच्या खाद्याला जो वास येतो तो चहाला येतो की काय, हे ते बघत होते. श्रीमंत त्यांच्याकडे बघत होता.

“सर, दूध नासलंय का?”

“नाही, नाही. चांगलं आहे. तुझ्या म्हशींना काय घालतोस?”

तेव्हा श्रीमंतच्या डोक्यात प्रकाश पडला. तो चिडला नाही. त्याने कप खाली ठेवला आणि आवाज बारीक केला. “तुमचं खाद्य जातंय व्हय? मंग माझ्या गोठ्यात काय बघता? घरात बघा. त्यो वैजनाथ लई साधा दिसतो, पन साधी मान्सं लई खोल असत्यात. दर शनवारी तुमची गाडी आली की त्यो एक भरलेला डबा घेऊन पान्याच्या मोटारीच्या खोलीत जातो. मी सोताच्या डोळ्यानं बगितलंय.”

डबा! दत्तोपंत तिथून उठले ते तडक राधाकृष्ण मुळ्यांकडे दुर्बीण मागायला. दुर्बीण मुळ्यांच्या नातवाची होती, निळ्या प्लास्टिकची, पण लांबचं जवळ दिसत होतं. मंगळवारी भर अकराला, कुणाला न कळवता, दत्तोपंत शेतावर गेले आणि तळ्याच्या बांधाखाली तुरीत दडून बसले. वय एकोणसत्तर, गेल्या वर्षी हृदयाच्या झडपेचं दुखणं काढलेलं, डोक्यावर टोपी, हातात निळी दुर्बीण. अर्धा तास काही घडलं नाही. एक मुंगळा मात्र पायजम्यात शिरला, आणि शिस्तीचा भाग म्हणून दत्तोपंत ओरडले नाहीत.

मग वैजनाथ आला. त्याने पूर्वेला खाद्य टाकलं, मापून, पुरतं. मग पश्चिमेला टाकलं, तेही मापून. पोतं बांधलं. मोटारीच्या खोलीत गेला आणि बाहेर आला तो हातात डबा घेऊन. दत्तोपंतांनी दुर्बीण डोळ्याला घट्ट लावली. पण वैजनाथ डबा घेऊन बांधाच्या या बाजूला वळला, सरळ तुरीकडे आला आणि चार पावलांवर थांबला.

“सर, चहा ठिवतो. दुरबिनीची काच उनात चमकती, लांबून दिसतंय.”

याहून मोठा अपमान दत्तोपंतांच्या वाट्याला सेवाकाळात आला नव्हता. त्यांनी उठून पायजमा झटकला.

“त्या डब्यात काय आहे?”

वैजनाथने डबा पाठीमागे घेतला. आठ वर्षांत त्याने दत्तोपंतांपासून पाठीमागे काही घेतलं नव्हतं.

“डबा माझा न्हाई, सर.”

“मग कुणाचा?”

“ते मी सांगू शकत न्हाई.”

“दाखव.”

“दाखवू बी शकत न्हाई.”

दत्तोपंतांनी डबा हिसकावून उघडला. आत वाटाण्याएवढे वाळलेले गोळे चार-पाच उरले होते आणि तळाशी पीठ होतं. त्यांनी वास घेतला. तूप. घरच्या तुपाचा वास त्यांनी लगेच ओळखला, आणि त्याबरोबर गेल्या तीन महिन्यांतल्या सगळ्या गोष्टी एका माळेत ओवल्या गेल्या. घरातली कणीक लवकर संपत होती. तूप पुरत नव्हतं. गच्चीवर दर बुधवारी सांडगे वाळत होते, पण ते कधी तळले जात नव्हते. याबद्दल त्यांनी एकदा तक्रारही केली होती. त्यांच्या कपाटातले जुने कागद कमी होत होते. या सगळ्याचा एकच अर्थ दत्तोपंतांना दिसला, तो असा की वैजनाथने भोळ्या प्रेमलाबाईंना काहीतरी सांगून सांडगे उकळायला सुरुवात केली, आणि ज्याला सांडग्यांची चटक लागते तो खाद्याच्या पोत्याला सोडणार नाही. नववीच्या मुलाने असा निष्कर्ष उत्तरपत्रिकेत लिहिला असता तर दत्तोपंतांनी त्याला शून्य दिलं असतं. इथे तपासणारं कुणी नव्हतं.

“शनिवारी मत्स्य खात्याच्या मॅडम येताहेत,” ते म्हणाले. “त्यांच्यासमोर वजन होईल. दुपारी बारापर्यंत तू खरं सांगितलंस तर ठीक. नाहीतर चाव्या ठेवायच्या आणि घर बघायचं.”

वैजनाथचा चेहरा उतरला. त्याचा संसार त्या शेतावरच्या दोन खोल्यांत होता. मुलगी निकिता पारनेरच्या कॉलेजात जात होती, तिची बस बांधावरून दिसायची. तो फक्त “बरं, सर” म्हणाला आणि थोड्या वेळाने चहाचा पेला आणून तुरीत ठेवून गेला. चहा चांगला झाला होता. दत्तोपंतांनी तो प्यायला, कारण संशय वेगळा आणि चहा वेगळा.

बांधापलीकडून श्रीमंतने सगळं ऐकलं होतं, त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने ही बातमी गावात पोचवली. गावात बातमी पोचवायला श्रीमंतला कष्ट पडत नसत, त्याचं दूधच दारोदार जात होतं. बुधवारी वैजनाथ किराणा आणायला गेला तेव्हा पारावरची माणसं बोलायची थांबली. हे दत्तोपंतांना शुक्रवारी फोनवर कळलं. त्यांना थोडं बरं वाटलं आणि मग का कोण जाणे, रात्रीची पोळी गोड लागली नाही.

शनिवारी प्रणिता मॅडम आल्या. वय तिशीच्या आत, पायात गमबूट, हातात स्टीलचा ट्रे आणि सुऱ्यांची पेटी. दत्तोपंतांनी त्यांना फाटकाशी गाठून पाऊण तास आपला सिद्धांत ऐकवला. मत्स्यपालक मेळाव्यात आपल्याला दहा मिनिटं मिळाली आहेत, हेही सांगितलं. तेवढ्या वेळात प्रेमलाबाई तळ्याच्या पश्चिमेच्या काठाला, पूर्वेकडे तोंड करून, एकट्याच उभ्या होत्या. हवा खात असतील.

वजन झालं. पूर्वेकडचे सरासरी दोनशे अडुसष्ट, पश्चिमेकडचे तीनशे चाळीस. वैजनाथ जाळं पिळत बाजूला उभा होता. बांधावर श्रीमंत होता, आणि त्याच्याबरोबर आणखी आठ-दहा जण होते, ज्यांचं तिथे काही काम नव्हतं.

“बघितलंत?” दत्तोपंत म्हणाले. “बत्तीस टक्के प्रथिनं खाऊन मासा मागे राहतो, याचा अर्थ ती त्याच्या पोटात जातच नाहीत.”

“सर, नुसत्या वजनाने कळत नाही,” प्रणिता मॅडम म्हणाल्या. “वजन कशाचं आहे ते बघायला लागेल. दोन्हीकडचा एकेक कापू या.”

दत्तोपंतांनी डोळे मिटायचं ठरवलं होतं, पण शास्त्रज्ञ डोळे मिटत नाही. पूर्वेकडचा मासा कापला. आत सगळं जागच्या जागी, मांस घट्ट, काळीज म्हणजे यकृत तांबूस. मॅडम खूश दिसल्या. मग पश्चिमेकडचा. सुरी लागताच पोटातून लोण्यासारखी पिवळी चरबी बाहेर आली. काळीज फिकट, सुजलेलं. दत्तोपंतांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात त्यांच्या स्वतःच्या काळजाबद्दल साधारण असंच लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यांना त्या माशाविषयी एकदम आपुलकी वाटली.

“हे चोवीस-आठने होत नाही,” मॅडम म्हणाल्या. “यांना वरून कुणीतरी पीठ आणि तूप घालतंय. भरपूर. वजन वाढलंय ते निम्मं चरबीचं आहे. तुमचे पूर्वेकडचे मासे उत्तम आहेत, सर. त्यांचं खाद्य कुणी चोरत नाही.”

त्या जठर उघडत होत्या. चिमट्याने त्यांनी एक ओला, चिकट, नखाएवढा कागद बाहेर काढला. मग दुसरा. मग तिसरा. ट्रेमध्ये ओळीने मांडले. प्रत्येकावर निळ्या शाईत एकच शब्द होता, ‘राम’.

श्रीमंतने नकळत हात जोडले.

दत्तोपंतांनी एक चिठ्ठी मोज्यातल्या बोटांनी उलटी केली. मागे छापील अक्षरं होती, ‘फरक स्पष्ट करा (कोणतेही दोन)’. इयत्ता नववी, सामान्य विज्ञान, सहामाही. प्रश्नपत्रिका त्यांनीच काढलेली.

त्यांनी मान वर केली. प्रेमलाबाई तळ्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

“अगं,” दत्तोपंत म्हणाले. एवढंच म्हणाले.

“गेल्या वर्षी तुम्हाला ऑपरेशनला आत नेलं ना,” प्रेमलाबाई न वळता म्हणाल्या, “आणि दार लावलं, तेव्हा बोलले होते मी. लाख रामनाम लिहीन, कणकेत घालीन आणि माशांना घालीन. लिहून झालं दिवाळीत. मग घालायला प्रवरासंगमला किती वेळा जाणार? जाऊन-येऊन दिवस मोडतो. म्हटलं, घरचेच मासे आहेत. पूर्वेकडे तोंड करून घालायचं असतं, म्हणून पश्चिमेच्या काठाला उभी राहायचे. रोजचे गोळे वैजनाथ घालायचा, शनिवारी मी.”

“आणि तूप?”

“कोरडी कणीक कशी घालायची? देवाचं आहे.”

तीन महिन्यांचा प्रयोग, बारा वजनं, दोन वह्या, मेळाव्यातली दहा मिनिटं. दत्तोपंतांच्या मनात हे सगळं एकदा येऊन गेलं आणि त्यांना बायकोचा प्रचंड राग आला. मग त्यांना ते बंद दार आठवलं. ते स्वतः आतल्या बाजूला होते, गुंगीत. दाराच्या बाहेर कुणी उभं होतं आणि काय बोलत होतं, याचा त्यांनी वर्षभरात एकदाही विचार केला नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला, तो मोज्यानेच, त्यामुळे त्यातून दिसायचं बंद झालं.

तशाच धूसर चष्म्यातून त्यांना दिसलं की वैजनाथ जवळ येतोय. त्याने कमरेच्या चाव्या सोडल्या आणि ट्रेच्या शेजारी ठेवल्या. बारा वाजले होते.

“आता कशाला?” दत्तोपंत म्हणाले. “आता कळलं ना सगळं. तू मला सांगितलं का नाहीस? मी तुला चोर म्हणत होतो. गाव म्हणत होतं. एक शब्द बोलला असतास तर मिटलं असतं.”

“बाईंनी शपथ घातलेली. नेम बोलून दावला की फळत न्हाई.”

“अरे, पण तुझं घर जात होतं.”

वैजनाथने पायाने मातीवर रेघ ओढली. “नेम तुमच्या जिवासाठी हुता, सर. मी बोललो अन् तुमाला काय झालं असतं, तर? घर काय, दुसरं बगता येतं.”

प्रणिता मॅडम उगाचच सुऱ्या पुसायला लागल्या. दत्तोपंतांनी चाव्या उचलून पुढे केल्या. वैजनाथने हात पुढे केला नाही.

“घेतो,” तो म्हणाला. “पन आधी एक करा. तुमी मला चोर म्हनला ते पारावर गेलं. निकिता चार दिवस कॉलेजला गेली न्हाई. तिथं येऊन सांगा.”

“श्रीमंत इथेच उभा आहे. तो सांगेल.”

“श्रीमंत न्हाई. तुमी.”

पार गावाच्या मध्यावर, मारुतीच्या देवळापुढे. दुपारचे साडेबारा म्हणजे तिथे कुणी नसायला हवं होतं, पण श्रीमंत दुचाकीवरून पुढे गेला होता, त्यामुळे सगळे होते. पुढच्या ओळीत म्हातारे, मागे बायका, त्यांच्यामागे बसस्टँडवरची पोरं. बायकांत निकिता होती, ओढणी तोंडावर घेऊन. तीस वर्षं दत्तोपंत वर्गापुढे उभे राहिले होते. एवढ्या वर्षांत एक वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं, ना वर्गात, ना घरात. जीभ त्या वाक्याला सरावलेलीच नव्हती.

“वैजनाथने चोरी केलेली नाही,” ते म्हणाले. “चूक माझी होती.”

वैजनाथ लोकांच्या सगळ्यात मागे, पोरीच्या शेजारी जाऊन उभा राहिला होता.

“जरा मोठ्यानं बोला, सर,” तो तिथून म्हणाला. “मागं ऐकू आलं न्हाई.”